अनारसा हसला तर

इंटरनेटवरची पाककृती भरवशाची आहे की नाही, हे मी अनारशावरून ठरवते. चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू यांत थोडं इकडेतिकडे झालं तरी पदार्थ निभावून जातो. अनारसा मात्र निभावत नाही. गूळ जास्त पडला किंवा पीठ जास्त ओलं राहिलं, की तुपात सोडल्यावर तो पसरतो, त्याची भोकं मोठी होत जातात आणि कढईत नुसता चुरा तरंगतो. अनारसा हसला म्हणतात तो हाच. म्हणून दिवाळीच्या आधी कुणी "काकू, कुठला व्हिडिओ बघू?" विचारलं, की मी एकच गोष्ट बघते. अनारसा हसला तर काय करायचं, हे त्यात सांगितलंय का?

जबलपूरच्या आमच्या विजय नगरात हा प्रश्न दर दिवाळीला येतो. 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती. त्या काळापासूनची मराठी घरं या शहरात आहेत आणि तिथल्या आज्यांना कुणाला विचारावं लागत नाही. पण नव्याने आलेल्या मुलींची आई पुण्यात, सासू नागपुरात आणि फराळ करायचा इथे. फोनवर आई सांगते, "अंदाजाने घाल." अंदाज अजून यायचाच असतो. मग यूट्यूब.

यंदा शेजारची सून तीन कृती काढून माझ्याकडे आली. दोन व्हिडिओ, एक लिहिलेली. आम्ही स्वयंपाकघरात बसून तिन्ही शेवटापासून बघितल्या. व्हिडिओ मी नेहमी शेवटाकडून बघते, कारण खरी परीक्षा तिथेच असते. पहिल्या व्हिडिओत बाईंनी खसखशीवर अनारसा थापला, उचलला आणि पुढच्याच दृश्यात तो ताटात तयार! तुपात सोडल्यानंतरचं एक मिनिट कापून टाकलेलं. तो आम्ही तिथेच बाजूला ठेवला. दुसऱ्यात कॅमेरा कढईवरून हलत नव्हता. अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून सोडला, झाऱ्याने वर तूप उडवत राहिले, उलटला नाही, जाळी पडताना दिसली, मग निथळायला चाळणीत तिरका उभा केला. एक तर पसरलाही, आणि तोही त्यांनी दाखवला. अशा माणसावर मी विश्वास ठेवते.

पण त्यात प्रमाण होतं "दोन वाट्या पीठ, दोन वाट्या गूळ". कमलाबाई ओगले यांच्या 1970 च्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचं माप घराघरांत रुजवलं, आणि रोजच्या स्वयंपाकाला ते सोयीचं आहेच. किसलेल्या गुळाचं तसं नाही. तो वाटीत सैल भरला तर एक, दाबून भरला तर भलतंच. लिहिलेल्या कृतीत वजन होतं, म्हणून गुळापुरतं आम्ही तिचं ऐकलं.

तरी एक अडचण उरली. महाराष्ट्रातल्या कृती बहुधा कोल्हापुरी गूळ धरून लिहिलेल्या असतात. आमच्याकडे गूळ येतो शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यातल्या करेलीचा. त्याची चव फार सुंदर, पण मला मिळतो तो मऊ असतो, किसतानाच हाताला चिकटतो. पिठात कालवल्यावर त्याला पाणी सुटतं आणि डब्यात ठेवलेला गोळा दोन दिवसांत सैल पडतो. हे कुठल्याच कृतीत सापडणार नाही, ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. मी तिला म्हटलं, "अगं, गूळ थोडा हात राखून घाल आणि वाटीभर कोरडं पीठ वेगळं काढून ठेव."

वाळवण्याचंही तसंच. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून सुती कापडावर पसरायचे, इथपर्यंत तिन्ही कृतींचं एकमत. व्हिडिओ म्हणे दोन तास पंख्याखाली ठेवा. पण दोन तास कुठल्या गावचे? मुंबईच्या दमट हवेतले दोन तास आणि ऑक्टोबरात आमच्या कोरड्या वाऱ्यातले दोन तास सारखे नाहीत. लिहिलेल्या कृतीत मात्र खूण दिली होती: तांदूळ मुठीत दाबून सोडले की दोन-चार दाणे तळहाताला चिकटून राहावेत, हात मात्र ओला होऊ नये. त्या खुणेने आमचे तांदूळ तासाभरातच झाले. घड्याळ बघत बसलो असतो तर खडखडीत वाळले असते, आणि तसं पीठ गूळ धरत नाही.

तांदूळ दळून पीठ गुळात कालवून ठेवलं आणि आठवड्याने तिने छोट्या कढईत एकच अनारसा सोडून बघितला. तो कडेने फाटायला लागला. ती घाबरली, पण दुसऱ्या व्हिडिओत नेमकं हेच दाखवलं होतं. राखून ठेवलेल्या पिठातले दोन चमचे घालून गोळा पुन्हा मळला, थोडा वेळ झाकून ठेवला. दुसरा एकसंध राहिला, हळूहळू जाळी पडली आणि खसखस जागची हलली नाही.

मग तिने तिन्ही कृतींतलं कामाचं तेवढं एकत्र करून वहीत उतरवलं: वजन लिहिलेल्या कृतीतलं, तळणं व्हिडिओतलं, गूळ करेलीचा. हे उतरवणं मी प्रत्येकीला करायला लावते, कारण पुढच्या वर्षी तोच व्हिडिओ सापडेलच असं नाही. शिवाय तिला दिवाळीपर्यंत थांबताही येणार नाही. 2026 मध्ये मे-जूनला अधिक ज्येष्ठ येतोय, लग्नानंतरचा तिचा पहिला अधिक महिना, आणि जावयाला 33 अनारशांचं वाण द्यायला तिचे आईवडील पुण्याहून इथे येणार आहेत. आईने सांगून ठेवलंय, अनारसे तिथेच करू. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा वहीत वाळवण्यापुढे तिने "एक तास" खोडलं आणि मुठीची खूण लिहिली.