सनद दाखवा

शिपाई रुमाल माझ्यापुढे ठेवतो आणि गाठ सोडून निघून जातो. विटलेल्या कापडाच्या आत मोडी कागदांची चळत. बोरूची शाई कुठे तांबूस पडलेली, कुठे अजून काळीभोर. पुण्याचं हे पुराभिलेखागार, म्हणजेच पेशवे दप्तर. खास दप्तरासाठी बांधलेली दगडी इमारत, उंच छत. बाहेर रिक्षांचा कलकलाट आहे, इथे फक्त पानं उलटल्याचा आवाज.

मी १८५७ शोधते आहे, पण मीरत-दिल्लीचं नव्हे. दक्षिण मराठा मुलखाचं. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड. बंडाच्या कथांत या भागाला चार ओळी मिळतात. कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ ला सत्ताविसावी पलटण उठली, साताऱ्याचा कट फुटला आणि त्याचे सूत्रधार रंगो बापूजी यांच्या मुलासह सतरा जणांना मारलं, एवढंच. हे लोक उठायला तयार का झाले, ते मला हवं आहे. त्याचं उत्तर या रुमालांत आहे, कारण हे दप्तर स्वतःच त्या उठावाचं एक कारण आहे.

वरचा कागद एका इनामदाराची कैफियत. इनाम कोणी दिलं, कोणाला, कशाबद्दल, आजवर कोण खात आलं. मी एकेक अक्षर लावत जाते. मोडीत लेखणी उचलायची नाही, त्यामुळे शब्द कुठे तुटतो हेच आधी कळत नाही. समासात साहेबाचा इंग्रजी शेरा आहे.

१८५२ च्या अकराव्या कायद्याने इनामं तपासणाऱ्या इनाम कमिशनच्या हातात मोठी सत्ता आली. जमीन पिढ्यान्‌पिढ्या खातोस ना, मग सनद दाखव. सनद घराबरोबर जळालेली असो, वाळवीने खाल्लेली असो, सिद्ध करायचं ते इनामदारानेच. त्याने सांगितलेलं खरं की खोटं, हे ताडायला कमिशनकडे काय होतं? हेच दप्तर. कारकून रोजकीर्दी चाळायचे, शाहू दप्तर धुंडाळायचे. पेशव्यांच्या कारकुनांनी हिशेबासाठी लिहून ठेवलेलं अक्षर पेशव्यांच्याच इनामदारांविरुद्ध साक्षीला उभं राहिलं. बंडाआधीच्या वर्षांत सुमारे २०,००० इनामं खालसा झाली, असा आकडा इतिहासाच्या पुस्तकांत येतो. मला तो आकडा इथे बसून पहिल्यांदा कळतो आहे. एवढ्या घरांतून कोणीतरी असा कागद लिहून दिला असेल, आणि मग उत्तराची वाट पाहिली असेल.

शेजारच्या टेबलावर दोघे बापलेक बसलेत, सोलापूरकडचे. मुलगा मोबाइलवर मोडीची बाराखडी उघडून बसलाय.

"ताई, हे कुणबी आहे का बघा जरा," वडील कागद पुढे सरकवतात.

मी बघते. नाही, ते गावाचं नाव आहे. ते मान हलवतात आणि पुढचं पान उलटतात. आजही माणसं इथे पुरावा मागायलाच येतात.

मी धारवाडकडच्या नरगुंदकडे वळते. तिथले संस्थानिक भास्करराव भावे, लोकांचे बाबासाहेब. मोठा ग्रंथसंग्रह बाळगणारा माणूस. मूल नव्हतं, दत्तक घ्यायची परवानगी मागितली, सरकारने नाकारली. २९ मे १८५८ च्या रात्री सुरेबानला मुक्कामाला असलेल्या पोलिटिकल एजंट मॅन्सनला त्यांच्या लोकांनी गाठून मारलं. त्याचं शिर नरगुंदच्या वेशीवर लटकवलं. हा मॅन्सन कोण? एजंट होण्याआधी तो इनाम कमिशनमध्ये होता. लोकांनी त्याला त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं नव्हतं. त्यांच्या सनदा मागणारा साहेब म्हणून ते त्याला ओळखत होते. एवढं कळल्यावर त्या रात्रीचा राग मला नीट दिसतो. खून मला तरीही खूनच वाटतो. १२ जूनला बेळगावात बाबासाहेबांना फाशी दिली. सगळं पंधरवड्यात आटोपलं.

साताऱ्याच्या सतरा जणांत प्रभू होते, रामोशी होते, मांग होते. त्यांतल्या किती जणांच्या घरची जमीन या कागदांनी गेली, हे कोणीतरी नावानिशी जुळवून पाहायला हवं. मी वहीत दोन रकाने आखते: एका बाजूला शिक्षा झालेल्यांची नावं, दुसऱ्या बाजूला कैफियत देणारी घराणी.

शिपाई येऊन विचारतो, "हा रुमाल झाला का, मॅडम?"

"अजून नाही," मी म्हणते, आणि सातारा जिल्ह्याच्या पुढच्या रुमालाची चिठ्ठीही त्याच्या हातात देते.