गोंदवायला जाताना सोबत काय न्यावे?

गोंदण कोकणाला नवे नाही. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील खेड्यांत आजही एखाद्या वृद्धेच्या कपाळावर, हनुवटीवर किंवा मनगटावर हिरवट-निळसर ठिपके दिसतात. पूर्वी जत्रेच्या जागी गोंदणारी बाई फडके अंथरून बसे. काजळी आणि एकत्र बांधलेल्या सुया एवढेच तिचे भांडवल. तुळस, विंचू, चंद्र-सूर्य अशा आकृत्या ती हातावर उठवी. दागदागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे माणसाबरोबर जाते, अशी त्यामागची समजूत होती. बँकांतही या खुणेला मान होता. निरक्षर खातेदाराचा अंगठा घेताना त्याच्या शरीरावरील ओळखीची खूण नोंदवली जाई आणि त्या रकान्यात हातावरच्या गोंदणाचा उल्लेख सहज येई.

आता त्याच गोंदणाला ‘टॅटू’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने १८९१ मध्ये विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले. एडिसनच्या विजेच्या लेखणीची कल्पना त्याने सुईला लावली होती. आजची यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात. सुई मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होते आणि त्वचेच्या दुसऱ्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोलीवर, शाई सोडते. वरचा थर सतत झडतो, खालचा झडत नाही. म्हणून गोंदण टिकते. म्हणूनच ती एक जखमही असते, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते.

रायगड किल्ला महाड तालुक्यातच आहे आणि नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे. त्यामुळे या भागातील तरुणांना हातावर राजमुद्रा असावीशी वाटली तर नवल नाही. व्यापारी घरांतील मुलेही त्यांत आहेत. कोणाला आईचे नाव हवे असते, कोणाला एखादे मंगल चिन्ह. गोंदवावे की नाही, हा ज्या त्या घराने ठरवण्याचा प्रश्न आहे. पण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घरी कळले तर रागावतील या भीतीने मुलगा किंवा मुलगी लपून जाते आणि लपून जाणारा पिशवी भरून जात नाही. तो उपाशी निघतो, पैसे कमी म्हणून स्वस्त जागा शोधतो, औषधांची माहिती सांगत नाही आणि परतल्यावर जखम बाहीखाली झाकून ठेवतो. धोका बहुतेक वेळा गोंदणापेक्षा या लपवाछपवीत अधिक असतो.

दिवस कोणता निवडावा?

पिशवीच्या आधी तिथी पाहावी. गोंदण वरवर बरे होण्यास दोन ते चार आठवडे लागतात. या काळात ते पाण्यात भिजत ठेवायचे नसते. नदी, तलाव, पोहण्याचा हौद, सारे वर्ज्य. महाडला सावित्री आणि गांधारीच्या पाण्याचा अनुभव सांगण्याची गरज नाही. जुलै २०२१ मध्ये बाजारपेठेत शिरलेले पाणी आणि त्यानंतर दुकानांतून उपसलेला चिखल कोणी विसरलेले नाही. उघड्या जखमेतून अशा पाण्यातील लेप्टोस्पायरोसिससारखा आजार शरीरात शिरू शकतो. म्हणून जून ते सप्टेंबर हे चार महिने टाळून दिवाळीनंतरचा, कोरड्या हवेचा काळ निवडावा. घाम कमी येतो आणि चातुर्मासातील तपश्चर्येचे दिवसही आड येत नाहीत.

उपवास, आयंबिल किंवा एकासणा असलेल्या दिवशी गोंदवायला जाऊ नये. रिकाम्या पोटी सुईच्या वेदनेने चक्कर येणे, घाम फुटणे, क्वचित शुद्ध हरपणे हे प्रकार घडतात. ओल्या जखमेने पूजेस बसू नये अशी अनेक घरांत शिस्त असते. तेव्हा घरातील मोठी पूजा, वर्षगाठ किंवा लग्नकार्य तोंडावर असेल, तर दिवस पुढे ढकलावा.

खाणे आणि पाणी

महाडहून मुंबई सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. पुण्याला जायचे तर वरंध घाट किंवा ताम्हिणी, आणि पोलादपूरहून साताऱ्याकडे निघाल्यास आंबेनळी घाट. कोणत्याही दिशेने गेले तरी काही तासांचा प्रवास होतोच. नवकारशी पाळणाऱ्याला सूर्योदयानंतर ४८ मिनिटे तोंडात काही घालता येत नाही आणि चौविहार पाळणाऱ्याला सूर्यास्तानंतर पाणीही चालत नाही. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून वेळ ठरवतानाच ती सकाळी उशिरा किंवा दुपारी लवकर घ्यावी, म्हणजे जाण्यापूर्वी पोटभर जेवण आणि सूर्यास्तापूर्वी दुसरे खाणे, दोन्ही साधते. लांबचा मुक्काम असेल, तर आदल्या दिवशी नातेवाइकांकडे उतरणे उत्तम.

पिशवीत खाकरा, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, थोडी खडीसाखर आणि उकळून गार केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या असाव्यात. काम दोन तासांहून अधिक चालणार असेल, तर मध्ये थांबून गोड काही खावे. घाटात ज्याला गाडी लागते त्याने आवळासुपारी किंवा आले-लिंबू जवळ ठेवावे. मळमळत्या अवस्थेत खुर्चीवर बसणे हितावह नाही. आदल्या दिवशीची झोप पूर्ण असावी. मद्य घेऊन आलेल्याला चांगला टॅटू कलाकार परत पाठवतो, कारण रक्तस्राव वाढतो.

कपडे आणि इतर वस्तू

कपडे जुने, सैल, सुती आणि गडद रंगाचे असावेत; शाईचे डाग निघत नाहीत. हातावर गोंदवायचे तर अर्ध्या बाहीचा सदरा, पाठीवर तर पुढून बटणे असलेला, पोटरीवर तर सैल विजार. वातानुकूलित खोलीत एका जागी बसून थंडी वाजते, म्हणून शाल किंवा स्वेटर घ्यावा. वेळ घालवण्यास पुस्तक किंवा श्रवणयंत्रणा, मोबाइलचा चार्जर, हात पुसण्यास स्वच्छ मऊ रुमाल आणि सुगंध नसलेला सौम्य साबण एवढे पुरे. ज्या खांद्यावर गोंदवायचे त्याच खांद्यावर परतताना पिशवीचा पट्टा येणार नाही, याची आधीच योजना करावी. महामार्गावर धूळ असते. गोंदणावर लावलेले आवरण कलाकाराने सांगितलेल्या वेळेपूर्वी काढू नये आणि बसच्या खिडकीशी उघडा हात ठेवून बसू नये.

कागदपत्रे

आधार कार्ड किंवा वयाचा अन्य पुरावा प्रथम. जबाबदार ठिकाणी अठरा वर्षांखालील व्यक्तीला गोंदत नाहीत आणि संमतिपत्रावर सही घेतात. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाच्या सहीला कायद्यात किंमत नाही. कोणी वय न विचारता सुई हातात घेत असेल, तर तेथून उठून यावे.

दुसरा कागद औषधांचा. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पूर्वी झालेली कावीळ, कशाची ॲलर्जी, जखम भरल्यावर वण फुगून जाड होण्याची प्रवृत्ती हे सारे लिहून न्यावे. चालू औषध स्वतःच्या मनाने थांबवू नये. डॉक्टरांना आधी विचारावे.

तिसरा कागद आकृतीचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. कलाकार समोर ठेवलेल्या छापावरून रेघ गिरवतो. त्याला देवनागरी वाचता येईलच असे नाही. एक अनुस्वार, एक ऱ्हस्व-दीर्घ, एक जोडाक्षर चुकले तर ते हातावर जन्मभर चुकलेलेच राहते. राजमुद्रेतील संस्कृत मजकुरात जोडाक्षरे अनेक आहेत. म्हणून जाणकाराकडून शुद्ध करून घेतलेली मोठ्या अक्षरांतील प्रत न्यावी आणि त्वचेवर छाप उमटल्यावर, सुई लागण्यापूर्वी, सोबत्याने ती अक्षर-अक्षर ताडून पाहावी. चेकवरील रक्कम अंकांत आणि अक्षरांत जुळते का, हे जसे पाहतात तसेच हे काम.

पवित्र नाव किंवा तीर्थंकरांचे लांछन गोंदवण्याचा विचार असेल, तर आणखी एक विचार आवश्यक. देह जिथे जाईल तिथे ते चिन्ह जाणार, शौचालयातही. हा प्रश्न घरातील ज्येष्ठांपुढे आणि महाराजसाहेबांपुढे मांडून मगच निर्णय घ्यावा.

विचारायचे प्रश्न

व्यापारी माणूस माल पारखल्याशिवाय उचलत नाही. येथेही तसेच. सुईचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर उघडले का, त्यावरील मुदत संपलेली नाही ना, शाई लहान वाटीत नव्याने ओतली का, हातमोजे नवे आहेत का? एकदा वापरलेल्या सुईतून किंवा शाईतून कावीळ ‘ब’, कावीळ ‘क’ आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदण्याची जुनी रीत म्हणूनच आज त्याज्य ठरते.

शाकाहारी घरांसाठी दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. काही काळ्या शाईंत प्राण्यांची हाडे जाळून केलेला कोळसा असतो. ग्लिसरीन प्राण्यांच्या चरबीपासून असू शकते, तर काही शाईंत लाखेच्या किड्यापासून मिळणारी लाख किंवा जिलेटिन वापरतात. नंतर लावण्याच्या मलमात मेंढीच्या लोकरीतील मेद किंवा मधमाशीचे मेण असते. या सर्वांना वनस्पतिजन्य किंवा कृत्रिम पर्याय उपलब्ध आहेत आणि अशी शाई ‘व्हीगन’ या नावाने विकली जाते. मात्र ती मागावी लागते. वेळ ठरवतानाच शाईचे व मलमाचे नाव लेखी मागवावे, त्या दिवशी बाटलीवरील मजकूर पाहावा आणि खात्री नसेल तर मलम आपले आपण न्यावे. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले आहेत. तेव्हा असा प्रश्न विचारणे हा केवळ धार्मिक आग्रह नव्हे, ग्राहकाचा हक्क आहे. शेवटी बिल घ्यावे.

पुढचा हिशेब

गोंदवल्यावर काही दारे काही काळ, तर काही कायमची बंद होतात. रक्तदात्यांच्या निवडीच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार गोंदवल्यानंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही. समाजाच्या शिबिरात दरवर्षी रक्त देणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावे. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे हे गाव सैनिकांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील मुलांना ठाऊक असते, ते इतरांनीही जाणावे. सैन्यभरतीत कायमचे गोंदण फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस आणि तळहाताच्या मागील बाजूस चालते. अन्यत्र असल्यास उमेदवार अपात्र ठरतो. रूढीनुसार गोंदवणाऱ्या आदिवासी समाजांना यातून सवलत आहे. लेसरने गोंदण पुसता येते, पण अनेक बैठका लागतात, त्यांत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते, आणि हिरवा-पिवळा रंग काळ्यापेक्षा हट्टी असतो.

परतल्यावर ताप आला, लाली पसरत गेली, पू झाला किंवा वेदना कमी होण्याऐवजी वाढली, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हळद, तूप, राख यांपैकी काहीही ओल्या गोंदणावर लावू नये.

थोडक्यात पिशवी

वयाचा पुरावा, औषधांची यादी, शुद्ध केलेली आकृती, शाई व मलम यांची लेखी माहिती, खाकरा, चिक्की, खजूर व पाणी, सैल सुती कपडे व शाल, सौम्य साबण आणि स्वच्छ रुमाल, आणि सोबत एक जाणता माणूस. यादीतील हा शेवटचा घटक दुकानात मिळत नाही. तो घरातूनच यावा लागतो, आणि मुलाने विचारल्यावर घरच्यांनी शांतपणे ऐकून घेतले तरच येतो. बोलता बोलता मुलाचा विचार बदलला तर उत्तम. नाही बदलला, तर खाकऱ्याचा डबा आईच्याच हातून पिशवीत जावा.