पेलेट ग्रिल

पेलेट ग्रिल हे लाकडाच्या दाबलेल्या भुशावर चालणारे, विजेच्या साहाय्याने आच नियंत्रित करणारे अन्न भाजण्याचे व धुरी देण्याचे उपकरण आहे. कोळशाच्या शेगडीवर आच सांभाळणे हे स्वयंपाक करणाऱ्याचे कौशल्य असते. पेलेट ग्रिलमध्ये ते काम बहुतांशी यंत्र करते. मात्र त्यासाठी कोरडे, शुद्ध आणि एकसारखे इंधन अत्यावश्यक असते.

उगम

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील माउंट एंजल येथील जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकात हे उपकरण विकसित केले. त्यांना १९८६ मध्ये पेटंट मिळाले. त्याची मुदत २००६ मध्ये संपल्यावर इतर उत्पादकही या क्षेत्रात आले.

रचना व कार्य

इंधनपेटीतील पेलेट मळसूत्रासारख्या फिरत्या दांड्याने थोडे थोडे पुढे सरकून अग्निपात्रात पडतात. तेथे विजेची तापकांडी त्यांना पेटवते आणि पंखा हवा पुरवतो. तापमापकाच्या नोंदीनुसार नियंत्रक इंधनाचा वेग कमी-अधिक करतो. तापमान साधारणपणे ८० ते २६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवता येते.

अग्निपात्रावर धातूचा पत्रा असल्यामुळे ज्वाला अन्नाला थेट लागत नाही. पदार्थ गरम हवेत शिजतो. त्यामुळे कोंबडी, सुरमई, पनीर, रताळी असे पदार्थ चांगले होतात. भरताच्या वांग्याची साल मात्र उघड्या निखाऱ्यावर जशी करपते तशी येथे करपत नाही.

इंधन

पेलेट सामान्यतः ६ ते ८ मिलिमीटर व्यासाचे असतात. भुसा मोठ्या दाबाखाली तापला की लाकडातील लिग्निन हा घटक मऊ होऊन कण एकमेकांना चिकटतात. वेगळ्या डिंकाची गरज भासत नाही. स्वयंपाकासाठी केवळ खाद्योपयोगी पेलेट वापरावे लागतात. बाष्पकांसाठी विकल्या जाणाऱ्या औद्योगिक पेलेटमध्ये शेतीचा मिश्र कचरा किंवा रंग, वार्निश लागलेले लाकूड असू शकते आणि त्याचा धूर अन्नात उतरतो.

पेलेटला पाणी लागल्यास ते फुगून पुन्हा भुसा होतात व दांडा अडकतो. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे आणि वापरानंतर इंधनपेटी रिकामी करणे हिताचे असते.

प्रारंभिक वापर

नवे ग्रिल प्रथम अन्नाविना, उच्च तापमानावर साधारण अर्धा ते पाऊण तास चालवतात. त्यामुळे कारखान्यातील तेलाचे अंश जळून जातात. त्यानंतरचा क्रम असा असतो :

- अग्निपात्रातील जुनी राख थंड अवस्थेत काढणे.
- उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे पेटवून, सुरुवातीचा दाट पांढरा धूर विरळ झाल्यावरच अन्न ठेवणे.
- धुराचा स्वाद हवा असल्यास प्रथम कमी तापमान ठेवणे. तापमान वाढले की धूर घटतो.
- पदार्थ शिजल्याची खात्री तापमापीने करणे. कोंबडीच्या मांसाचे आतील तापमान ७४ अंश सेल्सिअस व्हावे लागते.
- शेवटी थेट वीज न तोडता बंद करण्याची प्रक्रिया पूर्ण होऊ देणे. तोवर पंखा उरलेले इंधन जाळून टाकतो.

परदेशातून उपकरण आणताना वीजदाब तपासावा लागतो. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, तर भारतात २३० व्होल्ट असते.

महाराष्ट्रातील अनुभव

पेलेटवरील स्वयंपाक महाराष्ट्राला अपरिचित नाही. बीपी या कंपनीने बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या सहकार्याने 'ऊर्जा' ही पंखा असलेली घरगुती चूल विकसित केली. पुढे पुण्यातील फर्स्ट एनर्जी कंपनीने २००९ पासून हा व्यवसाय चालवला. उसाच्या चिपाडासारख्या शेतीच्या अवशेषांपासून तिचे पेलेट बनत. प्रामुख्याने महाराष्ट्र व कर्नाटकात चार लाखांहून अधिक चुली विकल्या गेल्या. परंतु कच्च्या मालाबरोबर पेलेटची किंमत वाढली आणि अनेक कुटुंबांनी वापर सोडला. चूल चांगली असली, तरी परवडणारे इंधन नियमित मिळाल्याशिवाय ती टिकत नाही, हे यातून दिसून आले.

मुंबई उपनगरांतील मर्यादा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील सदनिकांत बंद गॅलरीत पेलेट ग्रिल वापरणे धोक्याचे आहे. ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन असून प्राणघातक ठरू शकतो. उपकरण उघड्या जागेतच वापरावे लागते. गच्चीसाठी गृहनिर्माण संस्थेची अनुमती घेणे आणि शेजाऱ्यांच्या खिडक्यांपासून अंतर राखणेही आवश्यक असते.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात, लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. पेलेट हेही लाकडाचेच इंधन असल्याने व्यावसायिक वापरापूर्वी महानगरपालिकेचे नियम तपासणे गरजेचे आहे.