क्लेम मंजूर झाला, पेशंटला कोणी विचारलं?

९९९९९९९९९९ हा दहा आकडी मोबाइल क्रमांक प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या ७,४९,८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे नोंदलेला होता. आणखी १,३९,३०० जणांपुढे ८८८८८८८८८८ असा क्रमांक होता. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे ‘कॅग’ने, ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालातले हे आकडे आहेत. वर्तमानपत्रांत दोन दिवस गदारोळ झाला आणि मग सरकारचा खुलासा आला: लाभार्थ्याची ओळख आधारवरून पटवली जाते, मोबाइल क्रमांकावरून नाही, त्यामुळे क्रमांक चुकला तरी उपचार अडत नाहीत.

खुलासा खोटा नव्हता. पण ज्या कामासाठी तो क्रमांक सगळ्यात जास्त लागतो, त्याचा त्यात उल्लेखच नव्हता. रुग्ण घरी गेल्यावर त्याला फोन करायचा आणि विचारायचं, ‘तुमचं ऑपरेशन झालं का? कोणतं झालं? कुणी पैसे मागितले का?’ हा फोन लागणारच नसेल, तर सरकारच्या तिजोरीतून कुणाच्या नावे पैसे गेले हे ज्याला नक्की माहीत आहे, तो एकमेव माणूस देखरेखीच्या बाहेर राहतो. गेल्या चार दशकांतल्या सार्वजनिक आरोग्यातल्या गैरव्यवहारांकडे पाहताना मला हीच उणीव पुन्हा पुन्हा दिसते.

योजनेचा पैसा कसा फिरतो ते आधी पाहू. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत सुरू झालेल्या या योजनेत २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतल्या १०.७४ कोटी कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळायचे होते. महाराष्ट्रात त्याआधीपासून राजीव गांधी जीवनदायी योजना होती. २०१२ मध्ये ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०२० पासून दोन्ही योजना एकत्र चालतात. रुग्ण दवाखान्यात येतो, योजनेचा तिथला प्रतिनिधी, म्हणजे आरोग्यमित्र, त्याची कागदपत्रं पाहतो आणि दवाखाना उपचाराचं पॅकेज निवडून आगाऊ मंजुरीची मागणी, म्हणजे प्री-ऑथ, पाठवतो. डिस्चार्जनंतर क्लेम जातो. तपासणारा डॉक्टर कुठल्यातरी शहरात पडद्यासमोर बसून फोटो, रिपोर्ट आणि तारखा पाहतो. त्याला रुग्ण कधीच भेटत नाही.

त्या पडद्यावरच्या तारखाच कॅगने तपासल्या. आधीच मृत्यू नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांवर पुढेही उपचार दाखवून ६.९७ कोटी रुपये दिले गेले होते. अशी सर्वाधिक प्रकरणं केरळातली होती. ४८,३८७ रुग्ण एकाच काळात दोन दवाखान्यांत दाखल असल्याचं दिसत होतं. ४३,१९७ कुटुंबांत ११ ते २०१ माणसं होती. सुमारे सव्वादोन लाख प्रकरणांत शस्त्रक्रियेची तारीख डिस्चार्जच्या नंतरची होती, आणि त्यातली बहुतेक आपल्या महाराष्ट्रातली होती. मराठी वर्तमानपत्रांनी या शेवटच्या गोष्टीकडे जेवढं लक्ष द्यायला हवं होतं, तेवढं दिलं नाही, असं माझं मत आहे.

अशा प्रत्येक नोंदीमागे चोरीच असते, असं नाही. रात्रपाळीचा ऑपरेटर घाईत तारीख चुकीची टाकतो, प्री-ऑथ रुग्ण दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांनी जातो आणि तोवर तो दगावलेला असतो. आरोग्य मंत्रालयाने हेच सांगितलं. पण घाईची चूक आणि मुद्दाम केलेली चोरी यांच्या नोंदी जेव्हा एकसारख्या दिसू लागतात, तेव्हा चोराला लपायला वेगळी जागा शोधावी लागत नाही. शिवाय हा अहवाल मार्च २०२१ पर्यंतच्या काळाचा होता आणि तो संसदेत यायला सव्वादोन वर्षांहून अधिक काळ लागला. आपल्या विधिमंडळात तर कॅगचे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी मांडले जातात आणि चर्चेला वेळच उरत नाही.

तारखा चुकतात तिथे निदान कॅग तरी पोहोचतो. तारखा आणि कागद चोख असतात, तिथे काय होतं हे नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत दिसलं. मेहसाणा जिल्ह्यातल्या कडी तालुक्यातल्या बोरिसणा गावात अहमदाबादच्या ख्याती रुग्णालयाने मोफत तपासणी शिबिर भरवलं. तिथून एकोणीस जणांना शहरात आणलं गेलं, त्यांची अँजिओग्राफी झाली आणि सात जणांना स्टेंट बसवले गेले. त्यातले दोघे दगावले. नातेवाइकांनी दवाखान्यात जाऊन जाब विचारला तेव्हा प्रकरण बाहेर आलं. मग गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या, रुग्णालयाला योजनेतून बाहेर काढलं गेलं. गरज नसलेल्या प्रक्रिया योजनेच्या पैशांसाठी केल्या, असा पोलिसांचा आरोप आहे. कागदावर अँजिओग्राफी होती, स्टेंट होता, संमतीची सही होती. बिघडलं होतं ते गावकऱ्यांना कळलं, यंत्रणेला नाही.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची गोष्ट याहून जुनी आणि जास्त क्लेशकारक आहे. कुटुंबामागे तीस हजारांचं संरक्षण देणारी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना चालू असताना, २०१२ च्या सुमारास बिहार आणि छत्तीसगडमध्ये अनेक बायकांची गर्भाशयं विनाकारण काढल्याचं उघड झालं. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालायची आणि कार्डावरची रक्कम संपवायची, अशी ती रीत होती. बीडच्या ऊसतोड बायकांनी ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा स्वतःचे किंवा मुकादमाकडून उचललेले पैसे घालून करून घेतली. म्हणजे तिथे विमा योजनेची लूट नव्हती. पण २०१९ मध्ये राज्याच्या समितीने ऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या तेरा हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला अशा शस्त्रक्रियेआधी सिव्हिल सर्जनची परवानगी सक्तीची झाली. एका परवानगीची ही अट मला मोलाची वाटते, कारण बाईच्या पोटाला हात लावण्याआधी दुसऱ्या एका डॉक्टरला त्या निर्णयाची जबाबदारी घ्यावी लागते. पैसे गेल्यावर होणारी तपासणी कितीही कडक असली, तरी काढलेलं गर्भाशय परत देत नाही.

उत्तर प्रदेशातल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या घोटाळ्यात तर पैशांचा माग काढणं जीवघेणं ठरलं. ऑक्टोबर २०१० ते जून २०११ या काळात लखनौत दोन मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचे खून झाले आणि एक उपमुख्य वैद्यकीय अधिकारी तुरुंगात मृतावस्थेत सापडले. पुढे सीबीआयने माजी मंत्र्यालाही अटक केली. गैरप्रकार उघड करणाऱ्या जागल्यांसाठी २०१४ मध्ये संसदेने कायदा केला, पण तो अजून लागू झालेला नाही. त्याउलट अमेरिकेत १८६३ पासून असा कायदा आहे, की सरकारची फसवणूक कळवून खटला भरणाऱ्या नागरिकाला वसूल रकमेचा वाटा मिळतो, आणि तिथल्या आरोग्य विम्यातल्या कित्येक फसवणुकी कर्मचाऱ्यांनीच उघड केल्या आहेत. आपल्याकडच्या बिलिंग क्लार्कने किंवा स्टाफ नर्सने कुणाच्या भरवशावर तोंड उघडायचं?

नुसत्या कागदावरच्या देखरेखीवर विसंबता येत नाही, हा धडा महाराष्ट्राला औषधांच्या बाबतीत १९८६ मध्येच मिळाला होता. त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीतला ढिसाळपणा, अन्न व औषध प्रशासनाची बेपर्वाई आणि मंत्र्यांचा हस्तक्षेप असं सगळं मांडलं. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. सदतीस वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात औषध निरीक्षकांनी घेतलेल्या गोळ्यांच्या नमुन्यांत औषधाचा अंशही निघाला नाही. माग काढत पोलीस राज्याबाहेरच्या साखळीपर्यंत पोहोचले. सरकारी दवाखान्यांना पुरवलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं, असं २०२४ च्या आरोपपत्रात म्हटलं आहे. सरकारी औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेली, पुरवठा रखडला आणि मग २०२३ च्या कायद्याने वेगळं प्राधिकरण आलं. यंत्रणा बदलत राहिल्या. ती बनावट गोळी मात्र एका निरीक्षकाने स्वतः नमुना उचलला म्हणूनच सापडली. अशा निरीक्षकांची पदं रिकामी ठेवून डिजिटल नियंत्रणाची भाषा करणं मला मान्य नाही.

जन आरोग्य योजना चालवणारं राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण झोपलेलं आहे, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याचा फसवणूक-विरोधी विभाग संगणकाच्या मदतीने संशयास्पद क्लेम शोधतो. खासगी रुग्णालयांचे २.७ लाख क्लेम, म्हणजे ५६२.४ कोटी रुपये, अपात्र ठरल्याचं सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. १,११४ रुग्णालयांना योजनेतून काढलं गेलं आणि १,५०४ रुग्णालयांना १२२ कोटींचा दंड झाला. पण या कडकपणाची झळ प्रामाणिक डॉक्टरांनाही लागते. तालुक्याच्या गावी वीस खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्याचे खरे क्लेमही शंकांच्या फेऱ्यात महिनोन्महिने अडकतात. मग तो योजनेचे रुग्ण घेणं टाळतो, आणि पिवळं रेशनकार्ड घेऊन आलेल्या माणसाला ‘खाट नाही’ असं ऐकावं लागतं. फसवणूक रोखायच्या नावाखाली झालेलं हे नुकसान कुठल्याच अहवालात मोजलं जात नाही.

रुग्णाला विचारायची पद्धत महाराष्ट्रातच बसवली गेली होती. २००७ पासून ग्रामीण आरोग्य अभियानाखाली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे तिचं समन्वयाचं काम होतं. गावातल्या समित्या लोकांना विचारून आपल्या दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरत. सेवा चांगली असेल तर हिरवा रंग, बेताची असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग जनसुनवाई भरायची. बाहेरून औषध आणायला लावलं, बाळंतपणाला पैसे घेतले, डॉक्टर मुक्कामाला नसतात, हे लोक आरोग्य अधिकाऱ्यांच्या तोंडावर सांगायचे आणि अधिकाऱ्यांना तिथेच उत्तर द्यावं लागायचं. काही ठिकाणी घेतलेले पैसे परतही झाले.

ही पद्धत सरकारी दवाखान्यांपुरती राहिली. खासगी रुग्णालयांकडे जाणाऱ्या विमा योजनेच्या पैशाला ती लागू करावी, ही माझी आग्रहाची मागणी आहे. त्यासाठी नवी संगणकप्रणाली लागत नाही. गावात गेल्या सहा महिन्यांत योजनेतून किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणत्या दवाखान्यात झाल्या आणि किती रक्कम गेली, एवढं नावं गाळून ग्रामसभेत वाचावं. ज्याला आपला तपशील पडताळायचा असेल त्याला आशाताईने घरी जाऊन कागद दाखवावा. त्या कागदावर डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन लिहिलेलं असेल आणि आजी दोन्ही गुडघे दाखवत ‘माझं काहीच झालं नाही’ म्हणाल्या, तर तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याने त्याच दिवशी नोंदवून घ्यावी आणि पावती आजींच्या हातात द्यावी.