जाळरेषांचे वेळापत्रक आणि रानकोंबडीची अंडी

वणवा पसरू नये म्हणून मेळघाटात वन विभाग जाळरेषांवरील वाळलेले गवत व पालापाचोळा नियंत्रित आगीने जाळतो. राज्यात वणव्यांचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून मानला जातो. हे काम त्याआधी उरकणे अपेक्षित असते. ही मुदत पक्ष्यांच्याही पथ्यावर पडते. राखी रानकोंबडीची वीण मुख्यत्वे फेब्रुवारी ते मे या काळात होते. झुडपाखाली, जमिनीवरच घातलेली अंडी ती सुमारे तीन आठवडे उबवते. वेळेत जाळलेली रेषा पुढे एप्रिलच्या वणव्यापासून हीच घरटी वाचवते. लांबलेले जाळकाम मात्र त्यांच्याच मुळावर येते. अशा वेळी आधी झुडपे तपासून, घरटे आढळल्यास तेवढ्या भागात आग न लावलेलीच बरी.