विषुववृत्तावरचा वारा आणि सूर्याचा वाटा

विषुववृत्तावर सुमारे ५० किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्याचा फेरा वर्षातून दोनदा पुरा होतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास तो पश्चिमेकडून वाहतो, जून-डिसेंबरच्या अयनदिनांच्या सुमारास पूर्वेकडून. सूर्यही विषुववृत्त दोनदाच ओलांडतो, तेव्हा कोडे सुटले असे वाटते. ते अर्धेच सुटते. अयनकाळात उन्हाळी गोलार्धातली हवा विषुववृत्त ओलांडून हिवाळी गोलार्धाकडे जाते आणि पूर्वेचा वारा वाहू लागतो. इथवर श्रेय सूर्याचे. पण विषुववृत्त पृथ्वीच्या अक्षापासून सर्वांत दूर. इतर अक्षांशांवरून सरकत आलेली हवा तिथे पृथ्वीच्या मागे पडते, म्हणजे पुन्हा पूर्वेचाच वारा. पृथ्वीच्याही पुढे धावणारा पश्चिमी वारा नुसत्या उन्हाने उभा राहत नाही. त्याला ढकलावे लागते. ते काम प्रामुख्याने खालच्या गडगडाटी ढगांतून उठून वर चढणाऱ्या लहरी करतात. विरताना त्या आपला रेटा हवेला देऊन जातात.

न दिसणाऱ्या लहरींवर इतका भार का टाकायचा, असे कोणी विचारेल. उत्तर जरा खाली, २५ किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या वाऱ्याचा फेरा साधारण २८ महिन्यांचा. कुठल्याच ऋतूशी तो जुळत नाही. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीची राख पूर्वेच्या वाऱ्यावर पृथ्वीभर फिरली, तर १९०८ मध्ये पूर्व आफ्रिकेत सोडलेल्या फुग्यांना पश्चिमेचा वारा भेटला. दोन्ही निरीक्षणे खरीच होती! शिवाय २०१६ च्या सुरुवातीला उत्तर गोलार्धातून आलेल्या लहरींनी हे चक्र मध्येच मोडले. सूर्याचा क्रम तेव्हा नेहमीचाच होता.