बाळाला गार का करतात?

"बाळाला थंड करणार म्हणजे काय? थंड पडल्यावर माणूस उरतो का?" नातवाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी आमच्या वस्तीतील एका आजीबाईंनी असे विचारले आणि संमतिपत्रावर सही करणाऱ्या मुलाचा हात धरला. आजीबाईंचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. बाळाला दुपट्यात गुंडाळून उबेत ठेवावे हे आपण पिढ्यान् पिढ्या शिकलो आणि ते योग्यच आहे. नवजात बाळ गारठले तर जिवावर बेतते. मग डॉक्टर मुद्दाम गार का करतात? आम्ही कला शाखेचे पदवीधर. वैद्यक आमचा विषय नव्हे. तरी विचारून व वाचून जे समजले ते येथे मांडतो.

तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम पाव लिटर आणि हृदय त्याच्याच मुठीएवढे. त्यातील दोष दुरुस्त करताना काही वेळा रक्तप्रवाह अगदी कमी करावा किंवा थोडा वेळ थांबवावा लागतो. नेहमीच्या ३७ अंश सेल्सिअसला रक्त थांबले तर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. शरीर गार केले की पेशींची प्राणवायूची गरज घटते. २८ अंशांना ती निम्म्याच्या आसपास येते, १८ अंशांना त्याहूनही पुष्कळ कमी. चूल मंद केली की सरपण कमी लागते, तसेच हे. भूल दिल्यावर हृदय-फुप्फुस यंत्रातून रक्त गार करतात आणि काम संपताच सावकाश पुन्हा ऊब देतात.

ही वाट एका दिवसात सापडली नाही. कॅनडातील डॉ. बिगेलो यांनी १९५० च्या सुमारास प्राण्यांवर प्रयोग करून ही कल्पना मांडली. २ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचे शरीर २८ अंशांपर्यंत गार केले व साडेपाच मिनिटांत तिच्या हृदयातील छिद्र शिवले. पुढे १९६९ पासून न्यूझीलंडमध्ये डॉ. बॅरट-बॉइज यांनी तान्ह्या बाळांना बर्फाच्या पिशव्यांत ठेवून अधिक खोलवर गार केले.

मात्र गारव्यालाही मर्यादा आहे. बोस्टनमध्ये हृदयाच्या दोन मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल झालेल्या १७१ बाळांचा अभ्यास झाला. ज्यांचा रक्तप्रवाह पूर्ण थांबवला होता त्यांच्यात झटके अधिक आढळले आणि वर्षाच्या वयात हालचालींचा विकास सरासरीने मागे दिसला. हे निष्कर्ष १९९३ व १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर प्रवाह थांबवण्याचा काळ शक्य तितका कमी ठेवण्यावर, जमेल तेथे थोडा प्रवाह चालू ठेवण्यावर भर आला. म्हणून पालकांनी न संकोचता विचारावे : किती गार करणार? रक्तप्रवाह थांबवणार का, किती वेळ? पुढे विकासाची तपासणी केव्हा?

कालामांना तथागतांनी सांगितले ते हेच, की परंपरेने सांगितले म्हणून मानू नका आणि सांगणारा मोठा आहे म्हणूनही मानू नका. आजीबाईंनी प्रश्न विचारला, डॉक्टरांनी अर्धा तास बसून समजावले, मग त्यांनीच मुलाच्या हाती पेन दिले. नातू आता अंगणात धावतो आणि आजी त्याला अजूनही स्वेटर घालते. दूध पिताना बाळाला घाम येत असेल, धाप लागत असेल, ओठ निळे पडत असतील, तर सभासदांनी अंगारे-धुपारे न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा, एवढीच आमची विनंती.